बरं वाटण्याचे मार्क

“पाच? पाचपैकी पाच? आई, अगं देवाला तरी भी! सकाळी तुला ह्याच खुर्चीतून उठवायला मी, ही आणि दूधवाला असे तिघं लागलो! दूधवाला कंबर धरून गेलाय. उद्या येतो की नाही, माहीत नाही!”

ओरडणारा मी. माझा आवाज मुळात असा, की मी घरात शिंकलो तर राजवाड्याच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडतात. आणि त्या शनिवारी मी शिंकत नव्हतो. मोठ्या देवळातल्या नंदीनं मान वळवून आमच्या गल्लीकडं पाहिलं, असं मला नंतर दोघातिघांनी सांगितलं. त्यातला एक तरी खरं बोलणारा आहे.

आईवर मात्र काडीचा परिणाम नाही. ती खुर्चीत ताठ, पुढ्यात वॉकर, आणि समोर स्टुलावर इस्पितळातून घरी व्यायाम करवून घ्यायला येणारी फिजिओवाली पोरगी, मांडीवर टॅब घेऊन. पोरगीनं विचारलं होतं, “पाटी, गेल्या पंधरा दिवसांत खुर्चीतून उठायला कसं गेलं? एक म्हणजे जमलंच नाही, पाच म्हणजे अगदी सोपं.” पाटी म्हणजे आजी. त्या दोघींचं सगळं बोलणं तमिळमध्ये चालायचं. मी इथं आपल्या भाषेत देतोय. आईनं पदर सारखा केला, पोरगीकडं बघून हसली आणि म्हणाली, “पाच घाल, कण्णा.” कण्णा म्हणजे बाळा.

“खोटं आहे हे!” मी म्हणालो. “तीसुद्धा नको, दोनसुद्धा नको, एक घाल! एकाच्या खाली काही असेल तर ते घाल!”

“अण्णा, तुम्ही बोलायचं नाही,” पोरगी हळूच म्हणाली. “पेशंटचंच उत्तर घ्यायचं असतं.”

“ओरडू नको रे,” आई आमच्या घरच्या मराठीत म्हणाली. “पोर उन्हातून आली आहे. आत जा, तिजला ताक घेऊन ये. कढीलिंब घालून.”

आणि कॉलेजच्या ऑफिसात ज्याच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं कारकुनांच्या हातातली वडी गळून पडते तो मी, ताक आणायला गेलो.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक बाहुली. नवरात्रात आमच्याकडं कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्यांचा दरबार. चाल इथली, तमिळ मुलखाची. आमच्या मराठी पूर्वजांनी इथं येऊन काय पराक्रम गाजवले ते इतिहासवाले बघून घेतील, पण त्यांच्या बायकांनी आल्या आल्या बाहुल्या उचलल्या एवढं नक्की. तर सगळ्यात वरच्या पायरीवरची राणी जरा तिरकी बसली होती. घरात मी होतो, माझी बायको होती, एक लांब काठीसुद्धा होती. पण आई स्टुलावर चढली. पडली ती अशी, की छातीशी धरलेल्या राणीच्या नाकाचा रंगसुद्धा उडाला नाही आणि आईच्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. ॲम्ब्युलन्समध्ये घालताना ती विव्हळत होती असं तुम्हाला वाटेल. ती माझ्या बायकोला सांगत होती, “राणी उजवीकडं, राजा डावीकडं. उलट बसवू नको.”

ऑपरेशन झालं. आत सळई बसली. घरी सोडताना डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “हाड मी जोडलंय. चालणं जोडायचं काम पुढच्या काही महिन्यांचं. ह्या महिन्यांत व्यायाम नीट झाला तर आई काठीवर येतील. नाही झाला तर वॉकर कायमचा.”

आमच्या घरात कायमचा वॉकर म्हणजे काय, ते सांगतो. आमचं न्हाणीघर मागं, दोन पायऱ्या उतरून. पायऱ्या म्हणजे काय, कुणा उंटासाठी बांधल्यासारख्या. वॉकर त्यावरून उतरत नाही. घर भाड्याचं, घरमालक खिळा ठोकायलासुद्धा परवानगी देत नाही, मग पायऱ्या फोडणं दूरच. त्यामुळं आईला दर वेळी दोन्ही बाजूंनी धरून उतरवायचं, आणि मी ऑफिसात, बायको बँकेत. म्हणजे त्या दोन पायऱ्या आईला स्वतःच्या पायांनी उतरता येणं, बाकी काही नाही, एवढंच आम्हाला हवं होतं.

इस्पितळाची योजना मात्र चांगली. मला नावं ठेवायला आवडतात, तरी सांगतो, चांगली. आठवड्यातून तीनदा दुपारी ही पोरगी घरी यायची. पाय उचलवून घ्यायची, उभं करायची, पायऱ्यांपाशी नेऊन एक पाऊल खाली, एक पाऊल वर, असं करवून घ्यायची. दर पंधरा दिवसांनी, शनिवारी आम्ही दोघं घरी असताना, टॅबवर प्रश्न. पेशंटला स्वतःला कसं वाटतं, काय जमतं, मन कसं आहे, त्याचे मार्क. एकूण मार्क हिरव्या रेघेच्या वर गेले की पेशंट बरा झाला आणि पोरगी दुसऱ्या गरजूकडं. ह्यातही काही चूक नाही. चूक एवढीच, की प्रश्न माझ्या आईला विचारत होते.

प्रश्न कुणी लिहिले देव जाणे. ‘सकाळी उठल्यावर पुढच्या दिवसाबद्दल उत्साह वाटतो का?’ आईला जन्मात कुणी असं विचारलं नव्हतं. आमच्याकडं सकाळी फक्त कॉफीचं डिकॉक्शन उतरलं का, एवढंच विचारतात. ‘आपल्या माणसांना आपली अडचण होते असं वाटतं का?’ हा प्रश्न आपल्या माणसांच्या देखत. मी समोर, बायको दारात, आणि आई आमच्याकडं बघून गोड हसतेय. ‘गेल्या पंधरा दिवसांत मनाला शांती किती?’ माझ्यासारखा मुलगा घरात असताना!

एका पानावर नुसते चेहरे होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत रांगेनं. आज दुखणं कसं आहे त्या चेहऱ्यावर बोट ठेवा. आईनं रडका चेहरा पदरानंच झाकला. “तिन्हीसांज व्हायला आली,” ती म्हणाली, “दिवा लावायच्या वेळेस ह्याला कशास बोट लावू?” आणि हसऱ्यावर बोट ठेवलं. त्याच बोटानं ती थोड्या वेळापूर्वी खुबा दाबून ‘अय्यो अय्यो’ करत होती.

पहिल्या वेळी तर गंमतच झाली. ‘दुखणं शून्य ते दहा’ असा प्रश्न आला. आई उदार मनानं म्हणाली, “दहा घाल.” पोरगीचा चेहरा पांढरा. तिनं टॅब खाली ठेवला, आईचा पाय तपासला, डॉक्टरला फोन लावायला निघाली. मी रिक्षा बोलवायला रस्त्यावर, एका पायात चप्पल. तेवढ्यात आईनं शांतपणे विचारलं, “ह्यात जास्त चांगलं की कमी?”

“पाटी, ह्यात कमी चांगलं.”

“मग तसं सांगायचं. कमी घाल.”

“शून्य घालू?”

“शून्य कुणाच्या हातात देतात काय? एक घाल.”

तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाला हीच रीत. आधी विचारायचं, ह्यात जास्त चांगलं की कमी, आणि मग जे चांगलं ते द्यायचं. शून्य नाही, कारण ते अशुभ. आठ नाही, कारण आठ शनीचा. एकदा पोरगीनं दमून ‘आठ टाकू का’ म्हटलं तर आईनं तिच्या वयाच्या सगळ्या पोरींची लग्नं मोडताना पाहिल्यासारखं तोंड केलं.

हे असं का करतेस, म्हणून मी एकदा तिला कोंडीत पकडलं. शुक्रवार होता. मी ऑफिसातून आलो तेव्हा पोरगी नुकतीच गेली होती. आमच्याकडं घरी आलेल्या बाईला, पोरीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. कुंकू, मोगऱ्याचा गजरा, विड्याची पानं, सुपारी, केळं. शुक्रवार असला तर वर खण. ही पोरगी आठवड्यातून तीनदा यायची आणि तीनदा हे सगळं घेऊन जायची. तिच्या घरी एव्हाना खणांचं दुकान उघडलं असेल.

“आई, तिला खण दे, केळी दे, घराची किल्ली दे. मी काही म्हणत नाही. पण ते मार्क खरे दे!”

“पोर बसस्टँडवरून चालत येते,” आई म्हणाली. “माझे पाय हातात धरते. तिजला दोन मार्क देऊन कशी पाठवू?”

मी कपाळावर हात मारला. म्हणजे कुंकू, गजरा, पान, सुपारी, केळं, खण आणि वर पाच मार्क! मार्क ही आईच्या लेखी ताटातली आणखी एक वस्तू होती.

“अगं, ते तिचे मार्क नव्हेत! तुझे आहेत! तुला किती बरं वाटतंय त्याचे!”

“माझे कशास? मी काय परीक्षेस बसले?” आईनं उलट विचारलं. “गॅसवाला सिलिंडर ठेवतो आणि म्हणतो, पाटी, फोन येईल, पाच सांगा, नाहीतर साहेब ओरडतो. पार्सलवाला पोर तसंच म्हणतो. परवा तुझ्या मोबाइलच्या माणसानं तुझ्याकडून पाच मागून घेतले की नाही? जो घरी येतो त्याचे मार्क. मजला कुणी शिकवायला नको.”

“ते वेगळं! हे वेगळं!”

“वेगळं असेल तर मग पोरगी मार्क घालताना माझ्याकडं बघून घाबरते का?”

ह्याला माझ्याकडं उत्तर होतं, आणि ते मी इतक्या मोठ्यानं दिलं की पलीकडच्या बाईंनी कुकर बंद केला. मी इतकंच म्हणत राहिलो, की तुला काही कळत नाही, इस्पितळ काय गॅस एजन्सी आहे?

दरम्यान मार्क चढत होते. पोरगीच्या टॅबवर एक रेघ दिसायची, ती अशी चढत होती की त्या हिशेबानं आई पुढच्या महिन्यात तिरुवैयारुपर्यंत पळत जाऊन कावेरी पोहून संध्याकाळच्या कॉफीला परत येणार होती. प्रत्यक्षात ती बेडपासून दिवाणखान्यापर्यंत येईस्तोवर कॉफीवर दोनदा साय धरायची. आणि एके दिवशी ऑफिसात मला इस्पितळातून फोन. गोड आवाजात, “सर, अभिनंदन! तुमच्या आईंची प्रगती फार छान आहे. पुढच्या आठवड्यात इथं येऊन एकदा शेवटचे प्रश्न होतील, मग घरची भेट बंद करू.”

“बंद?” मी ओरडलो. “त्यांना पायरी उतरता येत नाही!”

“सर, पायरीच्या प्रश्नाला पाच मार्क आहेत.”

त्या रात्री जेवताना मी घरात आणीबाणी पुकारली. शिकवणी घ्यायची ठरली. बायकोनं फिजिओवाली व्हायचं, आईनं उत्तरं द्यायची, मी वर देखरेख. बायको स्टुलावर बसली, हातात पोळपाट टॅबसारखा धरून म्हणाली, “हं, सांगा, दुखणं किती? दहापैकी?”

“चौदा,” आई ताडकन म्हणाली.

“दहापैकी, आई!”

“मग दहापैकी चौदा. सकाळपासून जीव जातोय. उशी कोण बदलतंय? कुणी नाही. पाय सुजलाय तो कोण बघतंय? कुणी नाही. आज रसमात चिंच किती होती ती विचार मार्कांत.”

बायकोनं पोळपाट खाली ठेवला. “अहो, ह्या सगळं खरं सांगतात की,” ती मला म्हणाली. “फक्त मला सांगतात. दुसऱ्याची लेक आली की हसरा चेहरा, घरची सून आली की चौदा.”

“तू कुठं उन्हातून आलीस?” आई म्हणाली.

शिकवणी तिथंच बुडाली. मग मी शेवटचा उपाय केला. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी आईपुढं बसलो, तिच्या गळ्याला हात लावला आणि म्हणालो, “तुझ्या गळ्याची शपथ. उद्या जे मार्क देशील त्याचा त्या पोरगीशी काही संबंध नाही. तिचं काही वाईट होणार नाही. हे मार्क फक्त तुझ्या पायाचे. खरं सांग, म्हणजे ती येत राहील. नाही सांगितलंस तर ती यायची बंद.”

आईनं माझा हात गळ्यावरून काढला. “तुजला पक्कं माहीत आहे?”

“पक्कं.”

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात प्रश्न विचारायला पोरगी नव्हती. तिथं त्या दिवशी दुसरा एक तरुण लॅपटॉप घेऊन बसला होता. उठला नाही, नमस्कार नाही, वर बघितलंसुद्धा नाही. ‘नाव, वय, दुखणं किती?’ मी मनातल्या मनात त्याला साष्टांग नमस्कार घातला. ह्याला कुणी केळं देणार नाही.

“सात,” आई म्हणाली.

मी खुर्चीतच उडालो. सात! ह्यात कमी चांगलं हे माहीत असून सात! मग सुरू झालं. खुर्चीतून उठणं, एक. उभं राहून भात वाढणं, एक. दारात कोलम, म्हणजे रांगोळी, काढायला खाली बसणं, तर तिनं त्या तरुणाकडं अशा नजरेनं पाहिलं की त्यानं विचारायच्या आतच ‘एक’ टाकला. झोप, दोन. उत्साह, “तो काय असतो?”, एक. माझ्या अंगात आनंद मावेना. प्रत्येक एकाला मी टाळी वाजवायचा तेवढा बाकी होतो.

मग त्यानं विचारलं, “गेल्या पंधरा दिवसांत भीती वाटली? कधीच नाही, कधीकधी, रोज?”

“रोज.”

“कसली?” फॉर्ममध्ये हा प्रश्न नसावा, त्यानं पहिल्यांदाच वर बघितलं.

“हा ऑफिसला जातो, सून बँकेत जाते,” आई म्हणाली. “मग मी पाणी पीत नाही. पाणी प्यालं की मागं जावं लागतं. दोन पायऱ्या आहेत. पोर येते त्या दिवशी पिते, ती धरून नेते. बाकीच्या दिवशी हे दोघं येईस्तोवर पीत नाही, उशाशीचा तांब्या तुळशीला घालते.”

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. भाजी कशी चिरते ते सांगावं तसं सांगत होती. मी रोज निघताना तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवायचो आणि संध्याकाळी तो रिकामा बघून खूश व्हायचो. ती ते पाणी खिडकीतल्या तुळशीला घालायची, हे मला तिथं, त्या तरुणासमोर, पहिल्यांदा कळलं. माझा तो राजवाडा हलवणारा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. परत येताना रिक्षावाल्यानं, जो मला ओळखतो, दोनदा मागं वळून विचारलं, “सार, बरं आहे ना?”

निकाल लाल आला. हिरव्या रेघेच्या इतका खाली की पाताळात. घरची भेट बंद होणार नाही, उलट वाढवली, असा निरोप आला. मी पुन्हा माझा झालो. तिरुवैयारुहून येणाऱ्या माणसाला सांगून अशोका हलवा आणवला, मुगाचा, तुपात बुडालेला, आणि गल्लीभर वाटला. सगळ्यांना सांगितलं, खरं बोलायला लावलं की काम कसं होतं ते बघा. आईनं हलव्याला बोट लावलं नाही. “पोर आली की तिच्याबरोबर खाईन,” म्हणाली.

पुढच्या भेटीला मी मुद्दाम सुटी घेतली, बायकोलाही घ्यायला लावली. बेल वाजली. दार उघडलं तर दारात एक उंच, जाड मिशांचा गृहस्थ. खांद्यावर बॅग, हातात तोच टॅब.

“फिजिओ,” तो म्हणाला. “आता मी येणार.”

“आणि ती?”

“तिची बदली झाली, सर. पट्टुकोट्टैच्या बाजूला.”

“का?”

तो जरा चुळबुळला. मग म्हणाला, “तिच्या पेशंटचे मार्क एकदम पडले ना. असे पडले की सिस्टिम आपोआप नाव लाल करते. तिला पुन्हा ट्रेनिंगला बसवतात, आणि पेशंट दुसऱ्याकडं.”

माझ्या मागं वॉकर टेकल्याचा आवाज झाला. आई आपली आपण दारापर्यंत आली होती, गजरा हातात घेऊन.

मी काय करणार? मी फोन लावला. इतक्या मोठ्यानं बोललो की खरं तर फोनची गरज नव्हती, पट्टुकोट्टैपर्यंत तसंच ऐकू गेलं असतं. पलीकडं तोच गोड आवाज. मी म्हणालो, त्या पोरीचा काही दोष नाही! ती सोन्यासारखं काम करते! मार्क पडले नाहीत, मार्क आधीपासूनच तेवढे होते! आधीचे चढलेले मार्क खोटे होते!

पलीकडं टाइप केल्याचा आवाज. मग, “खोटे होते, सर? टॅबवर बोट थेरपिस्टचं असतं. आधीचे मार्क तिनं खोटे घातले असं तुमचं म्हणणं आहे का? तसं लिहून घेते.”

“नको!” मी किंचाळलो. “लिहू नका! काही लिहू नका! आधीचे खरे होते!”

“मग आता पडले, सर.”

“हो,” मी म्हणालो. ह्या यंत्रात कुठलंही बटण दाबा, त्या पोरीच्याच डोक्यावर टपली. माझ्या आईला बरं वाटतंय की नाही हे मोजायला काढलेली ही सगळी खटपट, आणि मोजलं कुणाला? आणि ते आईला, जिनं टॅबवरच्या रडक्या चेहऱ्याला बोटसुद्धा लावलं नाही तिला, गॅसवाल्यावरून कळलं होतं. कॉलेजच्या परीक्षा विभागात जन्म घालवलेल्या मला कळलं नव्हतं.

मी फोन ठेवला तेव्हा आई खुर्चीत बसली होती. मला वाटलं, आता ती बोलेल. शपथेचं तरी काढेल. पण तिनं गजरा देवापुढं ठेवायला सुनेकडं दिला, आणि मिशीवाल्याला म्हणाली, “कुठला पाय आधी?”

तो मिशीवाला कामाला वाघ होता, हे कबूल करायला हवं. बोलणं कमी, मेहनत जास्त. त्यानं आईला पायऱ्यांपाशी इतक्या वेळा नेलं की त्या पायऱ्या झिजून लहान झाल्या असं मला वाटतं. एक दिवस मी ऑफिसातून लवकर आलो तर आई एका हातात काठी, दुसरा भिंतीला, आपली आपण खाली उतरत होती, आणि तो नुसता टॉवेल धरून मागं उभा. दोन्ही पायऱ्या. माझ्या तोंडून जी आरोळी निघाली तिनं ती दचकली आणि पडता पडता वाचली. त्यावरून दोघांनी मला घराबाहेर काढलं. हल्ली तांब्या संध्याकाळी रिकामा असतो, आणि मी खिडकीतल्या तुळशीची माती बोटानं चाचपून बघतो. कोरडी असते.

तेव्हा पायाचं झालं. पायाबद्दल मला आता कुणाशी भांडायचं नाही.

पण त्या पंधरवड्याचे प्रश्न आले आणि मिशीवाल्यानं टॅब काढला. पायऱ्या, खुर्ची, झोप, सगळं त्यानं स्वतः बघितलंच होतं. तरी नियम म्हणून विचारत गेला, आई मान हलवत गेली. मी कोपऱ्यात बसलो होतो, तोंडावर रुमाल धरून, बोलायचं नाही म्हणून. शेवटचा प्रश्न मनाचा होता.

“पाटी, गेल्या पंधरा दिवसांत मन कसं होतं? एक ते पाच.”

आईनं ह्यात जास्त चांगलं की कमी हे विचारलं नाही. तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडं बोट केलं.

“त्याला विचारा,” ती म्हणाली. “मार्कांचं तो बघतो.”